किल्टचें कापड : लोंकर कीं कृत्रिम धागा?

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांतील पुरुषांचा जो निऱ्यांचा आंखूड पोशाख जगभर 'किल्ट' या नांवानें ओळखला जातो, तो आपणांपैकीं बहुतेकांनीं निदान चित्रांत तरी पाहिला असेल. कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारें चौकड्यांचें कापड, पुढें एकावर एक येणारे दोन सपाट पदर, मागें दाट निऱ्या आणि कमरेपुढें लोंबणारी चामड्याची पिशवी, असें त्याचें साधारण रूप आहे. हा पोशाख शिवावयाचा झाल्यास कापड लोंकरीचें घ्यावें कीं कृत्रिम धाग्याचें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय दूरदेशींचा वाटेल खरा. परंतु शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं ग्लासगो, एडिंबरा, अबर्डीन या शहरीं जाऊन राहिलेल्या मराठी माणसापुढें तो प्रत्यक्ष उभा राहूं शकतो. मित्राच्या लग्नाचें आमंत्रण येतें आणि त्यांत किल्ट घालून यावें अशी प्रेमाची सूचना असते. किंवा मुलगा शाळेच्या पाइप बँडांत दाखल होतो. दुकानांत गेल्यावर एकाच रंगाचे, एकाच चौकड्यांचे दोन किल्ट पुढ्यांत येतात. हातानें शिवलेल्या लोंकरीच्या किल्टची किंमत कांहीं शें पौंड असते. दुसरा तिच्या अगदीं लहानशा हिश्श्यांत मिळतो. दहा पावलांवरून दोन्ही सारखेच दिसतात. मग अधिक पैसे नेमके कशाचे द्यावयाचे? कपाटांत वर्षानुवर्षें राहणारी वस्तु घेतांना संसारी माणसानें हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आपल्या घरांत या प्रश्नाची ओळख नाहीं असेंही नाहीं. सोंवळ्यांत नेसण्याची लोंकरीची धाबळी जुन्या पिढीनें पाहिलेली आहे. अस्सल रेशमाचें पातळ आणि नकली रेशमाचें पातळ यांतला भेद तर आपल्या गृहिणींना बोटांच्या स्पर्शानेंच कळतो. त्याच डोळसपणानें किल्टच्या कापडाकडे पाहूं.

प्रथम या पोशाखाची घडण समजून घेतली पाहिजे, कारण कापडाची सारी परीक्षा तींतच आहे. पुऱ्या मापाच्या किल्टला ८ यार्ड कापड लागतें असें म्हणतात. प्रत्यक्षांत दुहेरी रुंदीचें ४ यार्ड कापड घेऊन तें लांबीनें मधोमध कापतात आणि दोन पट्टे एकापुढें एक जोडतात. ८ यार्ड म्हणजे २८८ इंच. त्यांतून पुढच्या दोन पदरांचें कापड वजा केलें तरी २०० इंचांहून अधिक उरतें, आणि तें सारें मागच्या सुमारें २० इंचांच्या रुंदींत निऱ्या घालून बसवावयाचें असतें. या निऱ्या कमरेपासून नितंबापर्यंत शिवलेल्या आणि तेथून खालीं मोकळ्या असतात. मागच्या बाजूसही चौकड्यांचा नमुना अखंड दिसावा अशा बेतानें कुशल शिंपी त्या घालतो. लष्करी पद्धतींत प्रत्येक निरीवर एकच ठराविक पट्टा येईल अशी योजना असते. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. चांगल्या किल्टच्या खालच्या कडेला तुरपाई नसते. मागावर विणतांना आलेला कांठच तेथें राहतो, जसा तो आपल्या धोतराला राहतो. तुरपाईच्या जाडीनें निऱ्या खालीं फुगतील आणि नीट मिटणार नाहींत, हें त्याचें कारण आहे.

तेव्हां किल्टच्या कापडाला तीन कामें करावीं लागतात. निरीची धार त्यानें धरून ठेवावी. माणूस बसून उठल्यावर घडी आपोआप पूर्ववत् पडावी. आणि चालतांना निऱ्या पायांबरोबर झुलून पुन्हा जागेवर याव्यात. या तिन्ही कामांना कापडास अंगचें वजन लागतें. म्हणून किल्टचें कापड औंसांवर ओळखतात. दुहेरी रुंदीच्या एका यार्डाचें जें वजन भरतें, तो त्या कापडाचा अंक. १० ते ११ औंस हें हलकें, १३ औंस मध्यम, १६ औंस भारी. या हिशेबानें १६ औंसांच्या कापडाचे ४ यार्ड ६४ औंस भरतात, म्हणजे ४ पौंड किंवा सुमारें १.८ किलोग्रॅम. १३ औंसांचें कापड सुमारें दीड किलोग्रॅम भरतें, आणि ११ औंसांचें सव्वा किलोग्रॅम. हा भार अंगावर जड वाटत नाहीं, कारण तो कमरेवर घट्ट आवळलेल्या पट्ट्यांवर तोललेला असतो.

येथें कोणी म्हणेल, 'एवढा विचार कशाला? परंपरा लोंकरीची आहे, तेव्हां लोंकरच घ्यावी.' परंतु परंपरेचा आधार घेतांना तिचा इतिहासही पाहावा लागतो. सोळाव्या व सतराव्या शतकांत डोंगरी लोक जें वस्त्र वापरीत, तें आजच्या किल्टसारखें नव्हतें. तें ४-५ यार्ड लांबीचें एक मोठें कांबळें असे. त्याच्या निऱ्या रोज हातानें घालून वर कमरपट्टा बांधीत. वरचा भाग खांद्यावर घेत आणि रात्रीं तेंच पांघरून झोंपत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याचा खालचा अर्धा भाग वेगळा झाला, आणि त्या शतकाच्या अखेरीस निऱ्या कायमच्या शिवून टाकण्याची चाल पडली. मधल्या काळांत या पोशाखावर मोठें संकट आलें. १७४६ सालच्या कलोडनच्या लढाईंत डोंगरी सैन्याचा पराभव झाल्यावर त्याच वर्षीं कायदा होऊन पुरुषांना हा वेष करण्याची बंदी झाली. पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंगवास आणि दुसऱ्यास सात वर्षें समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा ठरली. सरकारी पलटणींतील शिपायांना मात्र तो वेष मोकळा होता. ही बंदी १७८२ सालीं उठली. पुढें १८२२ सालीं चौथा जॉर्ज राजा एडिंबऱ्यास आला, तेव्हां सर वॉल्टर स्कॉट यांनीं स्वागताचा सारा समारंभ डोंगरी थाटाचा केला. राजानें स्वतः किल्ट घातला, आणि एके काळीं दंडास पात्र ठरलेला वेष प्रतिष्ठितांचा झाला. बॅनकबर्न येथील विल्सन यांच्या कारखान्यांतून तऱ्हेतऱ्हेच्या चौकड्यांचें कापड निघूं लागलें. घराण्याघराण्याचा ठराविक नमुना ही गोष्ट बरीचशी या एकोणिसाव्या शतकांतच पक्की झाली. आज हे नमुने स्कॉटलंडच्या सरकारी नोंदवहींत नोंदले जातात. ती नोंदवही २००९ सालीं सुरू झाली आहे.

म्हणजे हा पोशाख काळाप्रमाणें बदलतच आला आहे. हातमागाचें कापड जाऊन गिरणीचें आलें, वनस्पतींचे रंग जाऊन रासायनिक रंग आले, आणि तरीही किल्ट किल्टच राहिला. म्हणून 'पूर्वापार चालत आलें आहे' एवढ्याच आधारावर लोंकरीची बाजू घेणें मला पटत नाहीं. ती घ्यावयाची तर तिच्या गुणांवर घेतली पाहिजे. ते गुण कोणते, तें आतां पाहूं.

लोंकरीचा तंतु सरळ नसतो; त्यास निसर्गतःच बारीक नागमोडी वळणें असतात. दाबला तर तो वांकतो, सोडला तर उसळून पूर्ववत् होतो. खुर्चीवर तासभर बसून उठल्यावर लोंकरीच्या निऱ्या झटकल्या कीं पुष्कळशा सुरकुत्या आपोआप जातात, त्या याच गुणामुळें. दुसरा गुण असा कीं, वाफेनें लोंकर मऊ होते आणि ज्या आकारांत थंड होईल तो आकार धरते. ओलें फडकें ठेवून इस्त्री दाबली कीं निरीला सुरीसारखी धार येते. किल्टसाठीं जी लोंकर वापरतात ती विंचरून लांब तंतु समांतर केलेल्या सुताची, म्हणजे वर्स्टेड जातीची असते, आणि वीण तिरप्या रेघांची, ज्यास ट्विल म्हणतात. त्यामुळें कापड घट्ट, गुळगुळीत आणि वजनदार होतें.

तिसरा गुण हवेशीं संबंध ठेवणारा आहे. लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें ३० टक्के ओल पोटांत घेते, तरी हाताला ओली लागत नाहीं. पॉलिएस्टरचा तंतु एक टक्काही ओल घेत नाहीं. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील डोंगरांत कांहीं ठिकाणीं वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण त्यांतला पुष्कळसा आपल्या श्रावणसरींसारखा बारीक व रेंगाळणारा असतो. अशा हवेंत लोंकर अंगाला ऊब देते, आणि गर्दीच्या नाचाच्या दिवाणखान्यांत घाम शोषून घेते. चौथा गुण आगीचा. लोंकर पेट घेण्यास ५५० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते, आणि ज्योत दूर होतांच ती बहुधा आपोआप विझते. जेथें शेकोटीभोंवतीं उघड्या पायांनीं बसण्याची रीत आहे, तेथें हा गुण क्षुल्लक नाहीं.

पण लोंकरीचे दोषही झांकून ठेवतां येत नाहींत. भिजून चिंब झालेला भारी किल्ट वाळण्यास वेळ लागतो. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या खंदकांतील डोंगरी पलटणींना याचा दारुण अनुभव आला. निऱ्यांत चिखल भरून वजन वाढे, शिवणींत उवा होत, आणि थंडींत गोठून ताठ झालेल्या कडेनें गुडघ्यामागची कातडी सोलली जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं हा वेष रणांगणावरून काढून घेण्यांत आला. शिवाय लोंकर गरम पाण्यांत घुसळली तर आटून नमद्यासारखी होते, आणि तिला कसर लागते. कित्येकांच्या त्वचेला ती बोंचते; कित्येकांना प्राण्यापासून आलेला धागा तत्त्वतःच नको असतो. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांचा मान राखला पाहिजे.

आतां कृत्रिम धागा. येथें एक घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. 'कृत्रिम' या एका शब्दाखालीं दोन अगदीं निराळीं कापडें बाजारांत येतात. पहिलें पॉलिएस्टर आणि व्हिस्कोज यांच्या मिश्रणाचें. पॉलिएस्टर हा धागा इंग्लंडमध्यें व्हिनफील्ड व डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं १९४१ सालीं शोधून काढला. पुढें तो टेरिलीन या नांवानें आपल्याकडे आला आणि टेरिकॉटच्या रूपानें घराघरांत पोंचला. व्हिस्कोज हा लांकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा, म्हणजे आपल्या नकली रेशमाचा भाऊ. टेरिकॉटमध्यें सुताचें जें काम, तेंच या मिश्रणांत व्हिस्कोजचें : स्पर्श मऊ करणें आणि थोडी ओल शोषणें. दुसरें कापड ऍक्रिलिकचें, ज्याचे स्वस्त स्वेटर आपण पाहतों.

पहिल्या मिश्रणाचे गुण मान्य केलेच पाहिजेत. पॉलिएस्टर उष्णतेनें एकदां घडीवर बसविलें कीं ती घडी धुण्यानेंही सहसा मोडत नाहीं. असा किल्ट घरच्या यंत्रांत धुतां येतो, लौकर वाळतो, आणि त्याला कसर लागत नाहीं. मध्यम वजनाचें मिश्र कापड घेऊन चांगल्या शिंप्यानें निऱ्या घातल्या, तर तो नीटनेटका दिसतो आणि रोजच्या वापराचे धक्के सोसतो. पण वाऱ्यांत तो लोंकरीइतका भारदस्त झुलत नाहीं. घाम आंतच कोंडतो. ठिणगी पडली तर पॉलिएस्टर सुमारें २६० अंशांवर वितळतें आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. आणि प्रत्येक धुण्याबरोबर त्याचे अतिसूक्ष्म तंतु सांडपाण्यांत जातात. ऍक्रिलिकची गोष्ट मात्र निराळी आहे. तें हलकें, फुगीर आणि निरी न धरणारें असतें. थोड्याच दिवसांत त्यावर गोळे येतात. आगीला तें लौकर भक्ष्य होतें. अतिस्वस्त किल्ट बहुधा याचेच असतात. ते एका नाटकापुरते ठीक आहेत. त्याहून अधिक भरंवसा त्यांवर ठेवूं नये.

मग निवड कशी करावी? माझ्या मतें धाग्याचें नांव विचारण्यापूर्वीं स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : हा पोशाख किती वेळां घालणार, आणि कोठें घालणार?

जो माणूस त्या देशांत स्थायिक झाला आहे, ज्याला लग्नें, मेजवान्या, पदवीदान असे प्रसंग वर्षांतून तीन-चार वेळां येतात, त्यानें लोंकरच घ्यावी, आणि तीही १३ किंवा १६ औंसांची. तो एकदांचा खर्च आहे. चांगला शिवलेला किल्ट वीस-तीस वर्षें सहज टिकतो. पोट सुटलें तर बकलें सरकवून तो सैल करतां येतो. आणि बापाचा किल्ट मुलानें घातल्याचीं उदाहरणें तेथें पुष्कळ आहेत. एका प्रसंगामागें खर्च किती पडला असा हिशेब केला, तर महाग वाटणारी वस्तुच शेवटीं स्वस्त ठरते.

ज्याला एकाच लग्नाला जावयाचें आहे, त्यानें कांहींच विकत घेऊं नये. तेथें किल्ट भाड्यानें मिळतो, बुटांसकट. वाढत्या अंगाच्या मुलासाठीं मिश्र कापड उत्तम. दोन वर्षांनीं तो आंखूड होणारच, आणि तोंवर त्यावर चिखल, डाळ आणि शाई सर्व कांहीं सांडणार. डोंगर चढणारा, वजनें फेंकणारा, पावसांत दिवसभर उभा राहणारा, यांनींही मिश्र कापड घेतलें तर त्यांत कमीपणा नाहीं. नाचणाऱ्यांना मात्र १० ते ११ औंसांची हलकी लोंकर सोयीची, कारण उडीबरोबर निऱ्या उघडाव्यात आणि पाय टेकतांच मिटाव्यात, ही अपेक्षा लोंकर चांगली पुरी करते.

दोहोंच्या मध्यें एक मार्गही आहे, आणि बेताच्या प्राप्तीच्या माणसाला मी तो विशेष सुचवीन. ८ यार्डांचा हट्ट सोडून ५ यार्डांचा किल्ट लोंकरीचा घ्यावा. निऱ्या कमी व उथळ येतात, पण कापडाचा गुण राहतो आणि खर्च पुष्कळ उतरतो. नकली कापडाचे ८ यार्ड अंगावर वागविण्यापेक्षां अस्सल कापडाचे ५ यार्ड अधिक शोभतात, असें माझें मत आहे.

खरेदी करतांना सावधगिरी कोणती घ्यावी, तेंही सांगतों. 'ऍक्रिलिक वूल' असे शब्द कांहीं विक्रेते बेधडक छापतात. ऍक्रिलिक ही लोंकर नव्हे. त्या दोन शब्दांपैकीं पहिलाच खरा मानावा. कापडांत कोणता धागा शेंकडा किती आहे, आणि औंसांचा अंक काय, हे दोन प्रश्न विचारावेत. ज्याला उत्तर देतां येत नाहीं, त्याच्याकडून घेऊं नये. मग खालची कड पाहावी. तेथें मागावरचा कांठ आहे कीं दुमडून घातलेली तुरपाई, यावरून करणाऱ्याची दृष्टि कळते. शेवटची परीक्षा आपल्या घरांतली जुनीच आहे. कडेच्या झालरीचा एक सुटा धागा चिमट्यांत धरून, धातूच्या ताटलीवर, काडीनें पेटवावा. जळक्या केंसांचा वास आला आणि बोटानें चुरडणारी राख झाली तर लोंकर. वितळून टणक काळा मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा ऍक्रिलिक. कागदासारखा भरकन् जळाला तर व्हिस्कोज. मिश्र कापडांत कागदाचा वास आणि टणक मणी दोन्ही सांपडतात.

लोंकरीचा किल्ट घेतला तर त्याची निगा राखण्याचें कामही पत्करावें लागतें. प्रत्येक वापरानंतर तो उघड्या हवेंत टांगावा आणि मऊ ब्रशानें झाडावा. वारंवार धुवूं नये. धुलाईला देण्यापूर्वीं निऱ्या कच्च्या टांक्यांनीं बांधून घ्याव्यात, म्हणजे त्या हलणार नाहींत. प्रवासांत घडी न करतां लांबीनें गुंडाळी करावी. जे कोणी तो मुंबईस किंवा कोंकणांत घरीं आणतील, त्यांनीं पावसाळ्याची धास्ती बाळगावी. दमट हवेंत बुरशी येते, आणि कसर तर अन्नाच्या व घामाच्या डागांवर विशेष बसते. म्हणून ठेवण्यापूर्वीं किल्ट स्वच्छ व कोरडा असावा. कसरीचा संशय आल्यास तो पिशवींत हवाबंद करून दोन आठवडे शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यांत, उणे १८ अंशांवर ठेवावा. अंडीं व अळ्या मरतात, आणि डांबराच्या गोळ्यांचा वासही सहन करावा लागत नाहीं.

सारांश, लोंकर ही किल्टला शोभते ती तिच्या उसळत्या तंतूमुळें, वजनामुळें आणि ओल व आग यांपुढें टिकण्याच्या शक्तीमुळें. ज्याला हे गुण नेहमीं लागणार आहेत त्यानें त्यांची किंमत द्यावी. ज्याला धुण्याची सोय आणि निर्धास्तपणा हवा आहे, त्यानें मिश्र कापड घ्यावें, पण तें मिश्र आहे हें जाणून आणि त्याच्या भावानें घ्यावें. ज्या वेषासाठीं एके काळीं माणसें तुरुंगांत गेलीं, तो आज कोणीही, कोणत्याही देशींचा, मोकळेपणानें घालूं शकतो. पाहुणा म्हणून तो घालणाऱ्याकडून यजमानाची अपेक्षा एवढीच असते कीं, निऱ्या मागें असाव्यात, कड गुडघ्याच्या मध्यावर असावी, आणि तो नीट इस्त्री केलेला असावा.